परक्या घरी वाढलेला विषय

११ डिसेंबर १९६४ रोजी ग्वाल्हेरच्या नौलखा परेड ग्राउंडवर राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते जिवाजी विद्यापीठाची कोनशिला बसली. विद्यापीठाची स्थापना त्याआधीच, २३ मे रोजी झाली होती. आता त्याला सव्वादोनशे एकरांची जागा मिळाली. ज्यांचे नाव त्याला दिले, ते ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे १९६१ साली निवर्तले होते. आमच्या घरातली वडीलधारी माणसे त्या दिवसाविषयी बोलत, ती एखाद्या लग्नकार्याविषयी बोलावे तशी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना आपल्या गावात विद्यापीठ होणे ही घरचीच गोष्ट वाटत होती.

याच १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या तिघांनी खेसारीच्या डाळीतून एक विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. ही डाळ महिनोन्‌महिने खाल्ली की माणसाचे पाय लुळे पडतात. विदर्भात तिला लाखोळी म्हणतात, आमच्या मध्य प्रदेशात तिवडा. सागरकडच्या गावांत दुष्काळानंतर तरणीताठी माणसे पायांनी अधू झाल्याचे विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवले होते. डाळीकडे बोट तेव्हाच गेले होते, पण त्या डाळीत नेमके काय आहे ते सांगायला १९६४ साल उजाडावे लागले. ते सांगितले जीवरसायनशास्त्राने.

विद्यापीठाची कोनशिला आणि बंगळुरूचा तो शोध यांचा परस्परांशी संबंध नाही. मी मात्र वर्गात या दोन गोष्टी नेहमी जोडीने सांगत आले. आपल्या भागात हा विषय कशासाठी शिकायचा, याचे उत्तर मला त्या जोडीत सापडते.

एका स्मरणिकेसाठी ग्वाल्हेरमधल्या जीवरसायनशास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला बसले, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या विषयाची पत्रिका मांडायला एक जन्मतारीख पुरत नाही. तो इथे बरीच वर्षे दुसऱ्यांच्या घरी राहिला. रसायनशास्त्राच्या घरी राहिला, शरीरक्रियाशास्त्राच्या घरी राहिला, एका औद्योगिक प्रयोगशाळेतही राहिला. स्वतःच्या नावाची पाटी दारावर लागायच्या आधीच तो शिकवला जात होता. म्हणून हा इतिहास त्या परक्या घरांपासून सांगायला हवा.

पहिले घर व्हिक्टोरिया कॉलेजचे. १८९९ साली लॉर्ड कर्झन ग्वाल्हेरला आले तेव्हा त्या देखण्या इमारतीचे उद्घाटन झाले. आज तेच महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज. ग्वाल्हेर संस्थानाच्या काळापासून इथली परीक्षा बाहेरच्या विद्यापीठाची असे. बराच काळ आग्रा विद्यापीठाची, १९५७ नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची. रसायनशास्त्र तिथे चांगले शिकवले जाई. साखरा, प्रथिने आणि मेद हे मात्र सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकातले शेवटचे धडे, आणि शेवटच्या धड्यांचे जे व्हायचे ते होई. परीक्षा जवळ आलेली असायची. जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे, की ग्लुकोजची रचना फळ्यावर काढून झाली की ते ग्लुकोज शरीरात जाऊन पुढे काय करते हे विचारायला सवडच उरत नसे. रेणू होता, जीव नव्हता.

दुसरे घर जास्त महत्त्वाचे. १९४६ साली गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजच्या मध्य प्रदेशातले हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय. गजरा राजा म्हणजे जिवाजीरावांच्या मातोश्री, गोव्याच्या राणे घराण्यातल्या. कॉलेजाला जोडून जयारोग्य रुग्णालय होतेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून इथल्या विद्यार्थ्याला खाटेवरचा माणूस समोर दिसत होता. जीवरसायन तिथे शरीरक्रियाशास्त्राच्या पोटात शिकवले जाई. पहिल्या परीक्षेआधीची दीड वर्षे शवविच्छेदन आणि शरीरक्रिया यांनी व्यापलेली असत, आणि रक्तातली साखर, लघवीतले प्रथिन, पित्त, युरिया हे सारे शरीरक्रियेच्या वहीतल्या मागच्या पानांवर. देशभर हीच रीत होती. पुढे या विषयाचा स्वतंत्र विभाग, स्वतंत्र पेपर आणि स्वतंत्र परीक्षक झाले. १९९७ च्या नियमांनी दीड वर्षाचे एक वर्ष केले, तेव्हा शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या बरोबरीने जीवरसायन हा पहिल्या वर्षाचा तिसरा खांब म्हणून उभा होता.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या जीवरसायनाचा एक गुण विद्यापीठातल्या आम्हा विज्ञानवाल्यांना फार उशिरा कळला. तिथे आकडा कधी नुसता आकडा नसतो. आमच्याकडे नमुन्यात साखर किती हे अचूक सांगितले की पूर्ण गुण. तिथे तोच आकडा कोणाचा तरी असतो, आणि तो चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याचे परिणाम वॉर्डात दिसतात.

तिसरे घर १९४७ चे. जिवाजीरावांनी जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा काढली, संस्थानातल्या उद्योगांना शास्त्राचा आधार मिळावा म्हणून. संस्थान विलीन झाले आणि ही प्रयोगशाळा काही वर्षांनी संरक्षण खात्याकडे गेली. १९७३ पासून ती संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना म्हणून ओळखली जाते. गावात सगळे तिला डीआरडीई म्हणतात. रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासून बचाव हे तिचे काम. आता यात जीवरसायन कुठे आले, असे मला पुष्कळदा विचारले गेले आहे. मज्जातंतूंवर घाला घालणारे वायू माणसाला कसे मारतात? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन नावाचा निरोप्या सुटतो, आणि निरोप पोचला की त्याला तत्क्षणी मोडून टाकणारे एक विकर तिथे बसलेले असते. हे विषारी रेणू त्या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन चिकटतात. निरोप संपतच नाही. स्नायू आखडतात, तोंडाला फेस येतो, श्वास थांबतो. भिंड-मुरैन्याच्या शेतात कीटकनाशक फवारताना वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहिलेला शेतकरी जयारोग्यमध्ये आणला जातो, तेव्हा त्याच्या शरीरातही याच विकराची कोंडी झालेली असते. औषधेही दोन्हीकडे तीच: अॅट्रोपिन, आणि विकराला मोकळे करणारी ऑक्झिम. रणांगणाचे रसायन आणि शेताचे रसायन असे एका धड्यात येते. ग्वाल्हेरमध्ये हा धडा शिकवायचा तर उदाहरणासाठी गाव सोडून जावे लागत नाही.

डीआरडीईतल्या अनेक संशोधकांनी पीएचडीसाठी जिवाजी विद्यापीठात नाव नोंदवले, आणि विद्यापीठातली मुले प्रकल्पासाठी तिकडे जात राहिली. डासांना दूर ठेवणारे डेपा हे द्रव्य तिथलेच. पुढे रासायनिक अस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथल्या प्रयोगशाळेला तपासणीसाठी मान्यता दिली. आमच्या मुलांना एक भान या ये-जा करण्यातून आले. आपण परीक्षानळीत जे करतो ते जगात कोणीतरी पुन्हा तपासून पाहणार आहे, हे ते भान.

इथे थोडे ग्वाल्हेरबाहेर जाते. मराठी राज्यकर्त्यांच्या तीन राजधान्यांचा, बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर यांचा, या विषयाशी संबंध आला, पण प्रत्येकीचा वेगळ्या रीतीने. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५५ साली जीवरसायनाचा स्वतंत्र विभाग झाला, आपल्यापेक्षा कितीतरी आधी. इंदूरने माणूस दिला. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, इंदूरच्या जन्माच्या. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळुरूच्या संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या मागे हटल्या नाहीत, अटी मान्य करून आत गेल्या आणि कामाने त्या अटी निकालात काढल्या. केंब्रिजला त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. प्राण्यांच्या पेशी श्वसन करताना ज्या रंगद्रव्याचा उपयोग करतात, तेच वनस्पतींच्या पेशीतही आहे, ही त्यातली मोठी गोष्ट. १९३९ साली पीएचडी घेऊन त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना लावले ते नीरेच्या, डाळींच्या, गरिबाच्या ताटातल्या अन्नाच्या अभ्यासाला.

त्यांचे नाव मी घेतले ते अभिमानाने मिरवायला नव्हे. त्यांच्यामुळे मला या विषयाची दिशा कळली. केंब्रिजहून परतलेली बाई नीरेत काय आहे ते मोजते, यात कमीपणा नाही हे मी विद्यार्थिनी असतानाच समजले.

आता जिवाजी विद्यापीठाकडे. इथे विभागांना अध्ययनशाळा म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. विभाग म्हटले की वाटणी आठवते, शाळा म्हटले की माणसे आठवतात. रसायन, वनस्पती आणि प्राणी यांच्या अध्ययनशाळांच्या शेजारी जीवरसायनाची स्वतंत्र अध्ययनशाळा झाली, आणि दुसऱ्यांच्या घरी वाढलेला हा विषय पहिल्यांदा आपल्या घरी आला. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, मज्जाविज्ञान आणि मानवी आनुवंशिकी यांनीही आपापल्या अध्ययनशाळा मांडल्या. एके काळी जो स्वतः आश्रित होता, त्याच्याच ओसरीवर हे सगळे विषय लहानाचे मोठे झाले, असे मी म्हणते. त्या विषयांच्या मित्रांना हे पूर्ण मान्य होणार नाही, याची मला कल्पना आहे.

या काळात विषय स्वतः किती बदलला! विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा जनुकीय संकेताचा उलगडा चालूच होता. १९६६ पर्यंत तो पुरा झाला, आणि १९६८ साली हरगोविंद खोराना नोबेल घेऊन आले. खोराना रायपूर नावाच्या पंजाबातल्या खेड्यातले, झाडाखालच्या शाळेत शिकलेले. ही गोष्ट आमच्या शिक्षकांनी इतक्या वेळा सांगितली, की आम्हाला डीएनएच्या आधी ते झाड दिसे. आम्ही शिकलो की ग्लुकोजचा एक रेणू पुरता जळला की ३८ एटीपी मिळतात. वहीत ३८ आणि परीक्षेतही ३८. आजची पाठ्यपुस्तके ३० ते ३२ सांगतात, कारण पेशीतली देवाणघेवाण पूर्वी वाटत होती तितकी फुकटची नाही, हे आता मोजून कळले आहे. पहिल्यांदा हा बदल वर्गात सांगताना मला अपराधी वाटले. इतकी वर्षे आपण मुलांना चुकीचे सांगत होतो की काय? मग उमगले की आकडा बदलला म्हणून आधीची मेहनत वाया गेली नाही. तिच्याच खांद्यावर उभे राहून कोणीतरी पुन्हा मोजले आहे.

भाषेविषयी लिहिल्याशिवाय ग्वाल्हेरचा इतिहास पुरा होत नाही. आम्ही चिटणीस की गोठमध्ये राहायचो. गोठ हा शब्द मराठी, मधला की हिंदी, आणि गल्लीत दोन्ही भाषा. घरात आई प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे म्हणायची, मराठी मासिकांतून तिने ते शब्द उचलले होते. वर्गात प्रोटीन, कार्बोहाइड्रेट, विटामिन. पुस्तकात इंग्रजी. तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्दांची हिंदी वाक्ये. भिंड, दतिया, श्योपूरहून आलेल्या मुलांची मात्र फार ओढाताण होई. त्यांना विषय कळत असे, वाक्य जमत नसे. हुशार मुलगा एका क्रियापदापाशी अडून गप्प बसतो, हे पाहणे शिक्षकाला अवघड असते. म्हणून १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीनच विषयांची, तेव्हा मला समाधान वाटले. त्या पुस्तकांत बरेच इंग्रजी शब्द देवनागरीत तसेच ठेवले आहेत. त्यावर टीका झाली. मला ते योग्य वाटते. मुलाने एंजाइम म्हणावे किंवा विकर, पण ते तापमानाला का घाबरते हे त्याला आपल्या भाषेत सांगता यायला हवे.

आणि ग्वाल्हेर-चंबळच्या मातीने या विषयाला जे शिकवले तेही सांगायला हवे. हा मोहरीचा मुलूख. माघात मुरैन्याकडे निघाले की दोन्ही बाजूंना पिवळे शेत नजर पोचेल तिथपर्यंत. त्याच शेताच्या बांधावर सत्यानाशी उगवते, आपण तिला पिवळा धोत्रा म्हणतो. काटेरी पाने, पिवळी फुले, आणि बी मात्र मोहरीसारखेच काळे, बारीक. ते बी घाण्यात गेले तर तेलात सँग्विनरिन उतरते. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे विकर असते, त्याला ते रोखते. केशवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात. मग पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकते, काहींच्या डोळ्यांत काचबिंदू होतो. आपल्या देशात या विषबाधेच्या साथीच्या नोंदी १८७७ पासून आहेत. १९९८ साली दिल्लीत ती मोठ्या प्रमाणावर आली, माणसे दगावली, आणि सुट्या मोहरी तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले.

त्या वर्षी आमच्याकडे प्रात्यक्षिकाला कोणी कंटाळले नाही. तेलाच्या नमुन्यात तीव्र नायट्रिक आम्ल घालायचे, हलवायचे आणि खालचा आम्लाचा थर पाहायचा. नारिंगी-लाल झाला तर भेसळीचा संशय. साधी, झटपट, खेड्यातही करता येईल अशी चाचणी. मुले घरून बाटल्या घेऊन आली. आजीने घाण्यावरून आणलेले तेल, शेजारच्या दुकानातले तेल, मामाच्या शेतातल्या मोहरीचे तेल. आपल्या घरच्या तेलाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव असत, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आणले नसते. नुसत्या रंगावर निकाल देऊ नका, खात्रीसाठी पुढची चाचणी करा, हे तेव्हा दहादा बजवावे लागले, कारण घाबरलेला माणूस पहिल्या रंगावर विश्वास ठेवतो.

शिवपुरी जिल्ह्यात नरवरच्या बाजूला विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथली मुले हसली की दातांवरचे तपकिरी पट्टे दिसतात. श्योपूरकडच्या सहरिया वस्त्यांत कुपोषण आणि क्षय एकमेकांचा हात धरून असतात. उपाशी शरीर क्षयाच्या औषधांना कसे तोंड देते, यकृत ती कशी हाताळते, कोणाचे शरीर औषध झटपट मोडते आणि कोणाचे सावकाश, हे सारे जीवरसायनाचेच प्रश्न. नरवरहून आलेल्या पाण्याच्या बाटल्या मी टेबलावर ओळीने मांडलेल्या पाहिल्या आहेत. प्रत्येकीवर गावाचे नाव, पंपाची खूण, तारीख. त्या पाण्याला रंग नाही, वास नाही. एखादीला विद्यार्थ्याने नुसते "शाळेजवळचा" असे लिहिलेले असायचे.

शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या उकाड्याविषयी, कारण माझ्यासाठी या विषयाचे सगळे शिक्षण तिथेच झाले. पहिला प्रयोग सगळीकडे तोच असतो: लाळेतले अमायलेज पिठाच्या पातळ खळीवर घालायचे आणि दर मिनिटाला थेंब काढून आयोडीनमध्ये टाकायचा. आधी गर्द निळा, मग जांभळा, मग तांबूस, मग रंगच नाही. खळीची साखर होत गेल्याची ही खूण. पुस्तकात लिहिलेले असते की एक नळी ३७ अंशांवर ठेवा, एक बर्फात आणि एक खोलीच्या तापमानावर. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात खोली म्हणजे २५ अंश. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात खोली त्या ३७ अंशांच्या पाणकुंडापेक्षा गरम असते. बर्फ पोत्यात भुसा घालून आणला, तरी दुपारपर्यंत त्याचे पाणी झालेले असे. आणि जानेवारीत उलटे. धुक्याच्या सकाळी नळ्या गारठलेल्या, विकर झोपलेले, आणि दहा मिनिटे झाली तरी रंग निळाच.

विद्यार्थिनी असताना एकदा मी पुस्तकातले उत्तरच वहीत लिहिले होते. खोलीतल्या नळीत प्रतिक्रिया मंद, असे. माझ्या नळीत ती वेगाने झाली होती. आमच्या बाईंनी वही पाहिली, भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट केले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी पान फाडले नाही. त्याच पानावर ओळ खोडून खाली जे दिसले ते लिहिले. पुढे स्वतः शिकवू लागले तेव्हा एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: प्रात्यक्षिकाच्या पानावर तारखेच्या खालीच, हेतू लिहिण्याआधी, खोलीचे तापमान लिहायचे. तापमापक पाहून लिहायचे, अंदाजाने नाही.

जुन्या वह्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे अजून आहे. वरच्याच वहीत दोन पाने समोरासमोर आली आहेत. एकावर मुरैन्याच्या मुलीच्या अक्षरात खोलीचे तापमान ४३. दुसऱ्यावर, त्याच मुलीच्या अक्षरात, ९.